तास : एका शब्दाचा आणि बावीस मिनिटांचा इतिहास

१/
एप्रिलच्या मध्यावर वाशिम जिल्ह्याच्या रिसोड तालुक्यातील रिठद गावी मोकळ्या जागेत एक सरळ काठी रोवावी आणि घड्याळात बारा वाजेपर्यंत वाट पाहावी. बारा वाजतात, पण काठीची सावली अजून आखडतच असते. ती सर्वांत आखूड होते त्यानंतर साधारण बावीस मिनिटांनी. घड्याळ म्हणते दुपार झाली. सूर्य म्हणतो, अजून अवकाश आहे. ही बावीस मिनिटे आली कोठून? या प्रश्नाच्या उत्तरात इजिप्तच्या शवपेट्या आहेत, भास्कराचार्य आहेत, दिल्लीचे सुलतान आहेत, मुंबईचे गिरणी कामगार आहेत आणि खुद्द वाशिमही आहे.

२/
आरंभ शब्दांपासून करणे सोयीचे. वऱ्हाडात ‘तास’ हा शब्द दोन ठिकाणी ऐकू येतो. शेतात सोयाबीनच्या ओळींमध्ये तुरीचे तास असतात. शाळेत गणिताचा तास असतो. उच्चार एकच, पण कुळे निराळी. शेतातला तास म्हणजे नांगराची किंवा तिफणीची ओळ. घड्याळातला तास मात्र फारसी-अरबी वाटेने आला आहे आणि त्याचा मूळ अर्थ काळ नव्हे, तर धातूचे भांडे असा आहे. भांड्याचा काळ कसा झाला, ते पुढे येईलच.

३/
काळ मोजण्यासाठी मराठीत निदान तीन परंपरांचे शब्द एकत्र नांदतात. ‘घटका’ आणि ‘पळ’ हे भारतीय जलघटीचे. ‘तास’ हा मध्ययुगीन दरबारांचा. तिसरा शब्द मात्र बहुतेकांच्या लक्षातही येत नाही. ‘त्याचा होरा खरा ठरला’ असे म्हणताना मराठी माणूस नकळत एक ग्रीक शब्द उच्चारतो. ग्रीक ‘होरा’, लॅटिन ‘होरा’, इंग्रजी ‘अवर’ आणि मराठी ‘होरा’ ही एकाच घरातली भावंडे आहेत.

४/
दिवसाचे चोवीस भाग का? याचा सर्वांत जुना धागा इजिप्तमध्ये सापडतो. इसवी सनापूर्वी सुमारे २१०० च्या आसपासच्या काही शवपेट्यांच्या झाकणांवर ताऱ्यांच्या उदयांचे तक्ते रंगवलेले आहेत. इजिप्शियनांनी आकाशातील ३६ तारकासमूह निवडले होते; दर दहा दिवसांनी नवा समूह पहाटे उगवताना दिसे. या ताऱ्यांच्या उदयांवरून रात्रीचे बारा भाग पाडले गेले. पुढे दिवसालाही बारा भाग मिळाले. बारा आणि बारा मिळून चोवीस.

५/
परंतु हे तास सारखे नव्हते. उजेडाचे बारा भाग करायचे, मग उन्हाळा असो वा हिवाळा. साहजिकच उन्हाळ्यातला दिवसाचा तास लांब आणि हिवाळ्यातला आखूड. वाशिमच्या अक्षांशावर वर्षातला सर्वांत मोठा दिवस सुमारे १३ तास २० मिनिटांचा आणि सर्वांत लहान सुमारे १० तास ५५ मिनिटांचा असतो. जुन्या रीतीने मोजले, तर तेथे जूनमधला एक तास आजच्या सुमारे ६७ मिनिटांचा आणि डिसेंबरमधला सुमारे ५५ मिनिटांचा झाला असता.

६/
हे विचित्र वाटते, कारण आजचा माणूस यंत्राच्या तासात वाढला आहे. पण काम सूर्यासोबत चालत असे तेव्हा ताणणारा-आक्रसणारा तासच स्वाभाविक होता. मराठीतील प्रहराची कल्पनाही याच जातीची. दिवसाचे चार आणि रात्रीचे चार प्रहर. दोन प्रहर सरले की ‘दुपार’. हा शब्द ‘द्विप्रहर’ यापासूनच घडला. रामप्रहर, तिसरा प्रहर, तिन्हीसांजा या साऱ्या वेळा घड्याळ न पाहता कळतात, कारण त्या आकाशात दिसतात.

७/
सारख्या लांबीच्या तासाची गरज शेतकऱ्याला नव्हती, ज्योतिषाला होती. ग्रहण किती वेळ चालले, हे सांगताना मोजपट्टीच बदलत राहिली तर गणित कोसळते. बाबिलोनियात अहोरात्राचे बारा समान भाग करीत आणि गणना साठाच्या पटीत चाले. साठ ही सोयीची संख्या: तिला दोन, तीन, चार, पाच, सहा, दहा, बारा, पंधरा, वीस, तीस यांनी पूर्ण भाग जातो. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातील ग्रीक ज्योतिषी हिपार्कस आणि इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील टॉलेमी यांनी इजिप्तचे चोवीस आणि बाबिलोनचे साठ आपल्या गणितात एकत्र आणले.

८/
भारतात याच प्रश्नाला निराळे उत्तर मिळाले. वेदांग ज्योतिषात अहोरात्राचे ३० मुहूर्त आहेत आणि सर्वांत मोठा दिवस १८, तर सर्वांत लहान १२ मुहूर्तांचा सांगितला आहे. हे प्रमाण दूर उत्तरेकडील प्रदेशाला जुळते, वऱ्हाडाला नाही. मुहूर्त आजच्या ४८ मिनिटांचा. त्याच्या अर्धी ती घटका, म्हणजे २४ मिनिटे. अहोरात्राच्या साठ घटका आणि घटकेची साठ पळे. इजिप्तने दिवस चोवीसांत कापला, तर भारताने साठांत.

९/
घटका मोजण्याचे साधन म्हणजे घटिकापात्र. तळाला बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडायची. छिद्रातून पाणी आत येते, वाटी जड होते आणि बुडते. बुडाली की एक घटका झाली. ‘घटका भरली’ हा मराठी वाक्प्रचार, मग तो लग्नमुहूर्तासाठी असो की एखाद्याच्या अखेरीसाठी, या वाटीतून आला आहे. ‘पळ’ही मुळात वजनाचे माप आहे. घटिकापात्रात साठ पळे वजनाचे पाणी मावावे, असे काही ग्रंथ सांगतात. वजनाचे माप असे काळाचे माप झाले.

१०/
काही ग्रंथकारांनी या वाटीचे तपशीलवार मान दिले: दहा पळे तांबे, सहा अंगुळे उंची, बारा अंगुळे तोंड आणि छिद्र पाडण्यासाठी ठरावीक वजनाच्या सोन्याची चार अंगुळे लांब सुई. भास्कराचार्यांना हा सोपस्कार पटला नाही. ‘सिद्धान्तशिरोमणी’त (इ. स. ११५०) त्यांनी हे मान युक्तीला सोडून आणि करायला अवघड ठरवले. त्यांची रीत साधी होती: वाटी कशीही असो, ती अहोरात्रात किती वेळा बुडते ते मोजावे आणि त्या संख्येने साठाला भागावे. यंत्राला निसर्गाशी ताडून घ्यावे, ग्रंथातल्या मापाशी नव्हे.

११/
याच भास्कराचार्यांभोवती महाराष्ट्रातील घटिकापात्राची सर्वांत प्रसिद्ध कथा गुंफलेली आहे. कन्या लीलावती हिच्या विवाहाचा एकमेव शुभ क्षण साधण्यासाठी घटिकापात्र मांडले होते. ती कुतूहलाने वाकून पाहत असता तिच्या अलंकारातील एक मोती त्यात पडला, छिद्र बुजले आणि मुहूर्त निघून गेला. मग पित्याने तिच्या नावाने चिरंजीव होईल असा ग्रंथ लिहिला.

१२/
कथा हृद्य आहे, पण ती भास्कराचार्यांच्या ग्रंथात नाही. ती येते अकबराच्या दरबारातील कवी फैजी याने १५८७ मध्ये केलेल्या ‘लीलावती’च्या फारसी अनुवादात, म्हणजे मूळ ग्रंथानंतर चार शतकांहून अधिक काळाने. इतिहास म्हणून तिचे मोल कमी असले, तरी एक गोष्ट ती अचूक सांगते: वाटीच्या घड्याळाला अडवायला एक मोती पुरतो. भास्कराचार्यांचा वारसा मात्र कथेवर अवलंबून नाही. त्यांचा नातू चांगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी स्थापलेल्या मठाचा १२०७ मधील शिलालेख चाळीसगावजवळील पाटणे येथे आहे.

१३/
आता होरा. ग्रीक ज्योतिषातून अहोरात्राचे चोवीस होरे भारतात आले. सहाव्या शतकातील वराहमिहिराने ‘बृहज्जातका’त या शब्दाची एक चतुर व्युत्पत्ती नोंदवली आहे: ‘अहोरात्र’ या शब्दाचे पहिले आणि शेवटचे अक्षर गाळले की ‘होरा’ उरतो. परका शब्द घरचा करून घेण्याची ही जुनी रीत. शब्दाचा प्रवास मात्र ग्रीकमधूनच झाला. तेथे ‘होरा’ म्हणजे आधी ऋतू, नंतर दिवसाचा भाग. ज्याची वेळ आली आहे ते, हा दोन्हींतला समान अर्थ.

१४/
या परक्या तासाचा सर्वांत मोठा पुरावा घराघरातील दिनदर्शिकेवर आहे: वारांचा क्रम. रवि, सोम, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी हा क्रम ना ग्रहांच्या तेजाचा आहे ना अंतराचा. त्याची किल्ली आर्यभटाने ‘आर्यभटीया’त (इ. स. ४९९) दिली आहे. ग्रह मंद गतीकडून शीघ्र गतीकडे मांडले की क्रम येतो: शनी, गुरू, मंगळ, सूर्य, शुक्र, बुध, चंद्र. प्रत्येक होऱ्याला याच क्रमाने एकेक स्वामी. सूर्योदयाच्या होऱ्याचा जो स्वामी, त्याच्या नावाने तो वार.

१५/
पडताळा सोपा आहे. रविवारचा पहिला होरा सूर्याचा. सात ग्रहांची तीन आवर्तने झाली की एकवीस होरे संपतात. बाविसावा पुन्हा सूर्याचा, तेविसावा शुक्राचा, चोविसावा बुधाचा. दुसऱ्या दिवशीचा पहिला होरा चंद्राचा, म्हणून रविवारनंतर सोमवार. असेच पुढे गेले की मंगळ, बुध, गुरू आपोआप येतात.

१६/
समजा, होऱ्याऐवजी घटकांना स्वामी दिले असते. साठांतून साताची आठ आवर्तने, म्हणजे छप्पन्न घटका, गेल्या की चार उरतात. सूर्य, शुक्र, बुध, चंद्र या शेवटच्या चार घटकांचे स्वामी आणि दुसऱ्या सूर्योदयाचा स्वामी शनी. म्हणजे रविवारनंतर शनिवार, मग शुक्रवार, मग गुरुवार! संपूर्ण आठवडा उलटा झाला असता. वारांचा प्रचलित क्रम चोवीस भागांच्या अहोरात्रातूनच निघतो. वार भारतात रुजले तेव्हा चोवीस होरेही त्यांच्यासोबत आले, हे दाखवायला एवढे गणित पुरेसे आहे.

१७/
कोरीव लेखही हेच सुचवतात. वाशिम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. येथून दिलेल्या दुसऱ्या विंध्यशक्तीच्या ताम्रपटावर, जो चौथ्या शतकातला मानला जातो, राज्यवर्ष ३७ आहे, पण वार नाही. भारतीय लेखांत निश्चितपणे पडताळता येणारा जुना वार मध्य प्रदेशातील एरण येथील बुधगुप्ताच्या स्तंभलेखात आहे: गुप्त संवत् १६५, म्हणजे इ. स. ४८४, गुरुवार. मधल्या काळात कालगणनेत काहीतरी नवे शिरले होते.

१८/
वत्सगुल्माचा काळाशी आणखी एक, अधिक थेट संबंध आहे. सूर्योदय सर्वत्र एकाच क्षणी होत नाही, हे भारतीय ज्योतिषांना ठाऊक होते. त्यांना एक आधाररेषा हवी होती. लंकेपासून मेरूपर्यंत जाणारी, उज्जयिनीवरून जाणारी ती मध्यरेषा. भास्कराचार्यांनी ‘करणकुतूहल’ (इ. स. ११८३) या ग्रंथात या रेषेवरील ठिकाणे सांगितली आहेत. त्यांत कांची आहे, उज्जयिनी आहे, कुरुक्षेत्र आहे आणि वत्सगुल्मही आहे. वाशिमच्या मध्यमेश्वर मंदिराशी ही मध्यरेषेची परंपरा जोडली जाते.

१९/
आधुनिक नकाशा उघडला की ही रेषा सरळ राहत नाही. उज्जैन सुमारे ७५.८ अंश पूर्व रेखांशावर आहे, वाशिम सुमारे ७७.१ अंशांवर, म्हणजे उज्जैनच्या रेषेपासून सुमारे १४० किलोमीटर पूर्वेला. काळात हा फरक साडेपाच मिनिटांच्या जवळपास, जुन्या मापाने तेरा-चौदा पळे. गंमत अशी, की कुरुक्षेत्राचा रेखांश ७६.८ ते ७६.९ अंशांच्या दरम्यान येतो. ती रेषा दक्षिणेला ओढली तर ती रिसोड तालुक्याच्या परिसरातून जाते. उज्जैनला नाही, पण कुरुक्षेत्राला रिठद आणि वाशिम खरोखरच जवळ आहेत.

२०/
बाराव्या शतकातील ही चूक हसण्याजोगी नाही. अक्षांश सूर्याच्या सावलीवरून मिळतो. रेखांशासाठी दोन ठिकाणचा तोच क्षण एकाच वेळी कळावा लागतो. त्यासाठी ग्रहणासारखी घटना आणि दोन्हीकडे अचूक घटका हव्यात. तांब्याची वाटी हे साधन असताना पाच मिनिटांचा फरक निसटणे स्वाभाविकच होते. महत्त्वाचे हे, की एका गावची वेळ दुसऱ्या गावची नसते आणि दोन्ही जोडायला कोणत्या तरी एका रेषेवर एकमत लागते, हे तेव्हाच उमगले होते.

२१/
आता भांड्याकडे. चौदाव्या शतकात दिल्लीचा सुलतान फिरोजशाह तुघलक (१३५१–१३८८) याने फिरोजाबादेत ‘तास-ए-घडियाल’ उभारले, असे त्याचा इतिहासकार शम्स-ए-सिराज अफीफ सांगतो. ‘तास’ म्हणजे वाटी किंवा थाळा. पात्र बुडाले की टांगलेल्या जाड धातूच्या थाळ्यावर ठोका पडे आणि सगळ्या शहराला वेळ कळे. वेळ दाखवणारे भांडे, त्यावर पडणारा ठोका आणि ठोक्यांमधला अवकाश, असा अर्थ सरकत गेला. त्याच कुळातला ‘तास’ मराठीत काळाचे नाव होऊन बसला.

२२/
बाबराने आपल्या आठवणींत हिंदुस्थानच्या या घडियालींचे वर्णन केले आहे: शहरात उंच टांगलेला पितळी थाळा, पाण्यातले भोक पाडलेले भांडे, दिवसाचे चार नि रात्रीचे चार प्रहर. त्याला एक उणीव खटकली. फक्त घटकांचेच ठोके पडत. रात्री जाग आलेल्याला प्रहर कोणता, ते कळत नसे. म्हणून घटकेच्या ठोक्यांनंतर थोडे थांबून प्रहराचीही खूण वाजवावी, असा हुकूम त्याने दिला. आजही मराठी माणूस वेळ विचारताना ‘किती झाले’ म्हणत नाही, ‘किती वाजले’ म्हणतो. काळ आधी ऐकला गेला, नंतर पाहिला गेला.

२३/
थाळ्याची ही परंपरा खेड्यातल्या शाळेपर्यंत टिकली. अनेक शाळांच्या ओसरीवर लोखंडी रुळाचा एक तुकडा टांगलेला असे आणि शिपाई त्यावर टोले देई. तास सुरू, तास संपला. फिरोजशाहाच्या थाळ्याची जागा आगगाडीच्या रुळाने घेतली, हा निव्वळ योगायोग. पण आगगाडीनेच पुढे साऱ्या देशाचा तास बदलला.

२४/
चौदाव्या शतकात युरोपच्या मनोऱ्यांवर यांत्रिक घड्याळे आली. चाकांना ऋतू कळत नाहीत. त्यांना सारखे तासच मोजता येतात. जो समान तास आजवर ज्योतिषांच्या वहीत होता, तो बाजारात आला. १६५६ मध्ये हायगन्सने लंबकाचे घड्याळ बनवले आणि मिनिटांना अर्थ आला. फ्रेंच राज्यक्रांतीने १७९३ मध्ये दिवसाचे दहा तास आणि तासाची शंभर मिनिटे करून पाहिली; १७९५ मध्ये तो हुकूम मागे पडला. इजिप्तचे बारा आणि बाबिलोनचे साठ क्रांतीलाही पुरून उरले.

२५/
आगगाडीपूर्वी प्रत्येक गावची दुपार आपली आपली होती आणि त्यात कोणाची गैरसोयही नव्हती. गाडीला मात्र एकच वेळापत्रक लागते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हिंदुस्थानच्या रेल्वे मद्रासच्या वेळेवर धावू लागल्या. अकोल्यापेक्षा मद्रास पूर्वेला आहे. तेथील घड्याळ अकोल्याच्या सूर्यापेक्षा सुमारे तेरा मिनिटे पुढे. सूर्यावर विसंबून स्थानकावर येणाऱ्या वऱ्हाडी प्रवाशाची गाडी चुकण्याची ही पुरेशी सोय होती.

२६/
१ जानेवारी १९०६ पासून ग्रीनिचपेक्षा साडेपाच तास पुढची वेळ हिंदुस्थानची प्रमाणवेळ ठरली. तिची आधाररेषा ८२.५ अंश पूर्व. मुंबईची स्वतःची वेळ तिच्या सुमारे ३९ मिनिटे मागे होती. वंगभंगाच्या क्षोभाचे ते दिवस. सरकारने शहराची वेळही घेतली, ही भावना पसरली. गिरणी कामगारांतही विरोध उमटला, कारण घड्याळ पुढे सरकले की अंधारातच भोंगा वाजणार होता. मुंबईच्या महापालिकेने आपली जुनी वेळ पुढेही चालू ठेवली. ती अखेर गेली १९५५ मध्ये, स्वातंत्र्यानंतर आठ वर्षांनी.

२७/
तासाचा खरा झगडा मात्र वेळ किती झाली याचा नव्हता. तास किती, याचा होता. विजेचे दिवे येण्यापूर्वी मुंबईच्या गिरण्या सूर्योदय ते सूर्यास्त चालत. इजिप्तचा ताणणारा दिवस येथे कामगाराच्या अंगावर आला: हिवाळ्यात काम कमी, उन्हाळ्यात तेरा तासांच्याही पुढे. जे मोजमाप शेतात निसर्गाशी जुळत होते, तेच यंत्रापुढे उभ्या माणसाला पिळू लागले.

२८/
१८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने कामगारांनी मागण्या मांडल्या. रविवारी पूर्ण सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती आणि काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्त. ही शेवटची मागणी पुन्हा वाचण्यासारखी आहे. कामाचा आरंभ घड्याळाप्रमाणे, शेवट सूर्याप्रमाणे. एक पाय जुन्या काळात, एक नव्या काळात. साप्ताहिक सुटी १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी मान्य केली. तोही वार होऱ्यांच्या गणितातून आलेला रविवारच.

२९/
विजेचे दिवे आले तेव्हा सूर्यास्ताची मर्यादाही नाहीशी झाली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात काही गिरण्यांत दिवस चौदा-पंधरा तासांपर्यंत लांबला. आता कामगाराला घड्याळच आधार वाटू लागले. १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांतील प्रौढ पुरुषांच्या कामाला बारा तासांची सीमा घातली. १९२२ मध्ये दिवसाला अकरा आणि आठवड्याला साठ तास. १९३४ मध्ये दहा आणि चोपन्न. १९४६ मध्ये आठवडा ४८ तासांवर आला. ते विधेयक मांडले होते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळातील मजूर सदस्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी.

३०/
घड्याळाचा तास कठोर असतो, असे अनेकदा म्हटले जाते. या इतिहासात तो उलट ढाल होऊन येतो. ‘सूर्य मावळेपर्यंत’ या शब्दांवर मालकाशी वाद घालता येत नाही. ‘बारा तास’ यावर घालता येतो. समान तास गरिबाच्या हाती आला तेव्हाच त्याला आपले आयुष्य मोजून मागता आले.

३१/
आज तास आकाशापासून जवळजवळ सुटला आहे. १९६७ पासून सेकंदाची व्याख्या सीझियम अणूच्या ९,१९,२६,३१,७७० कंपनांनी होते. तास म्हणजे असे ३६०० सेकंद. त्याला ना तारा लागतो, ना सावली, ना वाटी. तरीही विदर्भातील शेतपंपाला वीज दिवसा मिळणार की रात्री, यावर हरभऱ्याला पाणी द्यायला कोणी थंडीत, अंधारात जागायचे ते ठरते. तास किती, इतकाच तास कोणता, हाही प्रश्न जिवंत आहे.

३२/
आता ती काठी. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंशांची, रिठद तिच्या सुमारे साडेपाच अंश पश्चिमेला. सूर्याला एक अंश ओलांडायला चार मिनिटे लागतात. साडेपाच चोक बावीस. घड्याळ खोटे नाही आणि सूर्यही खोटा नाही. एक सांगतो रिठदची दुपार. दुसरे सांगते देशाने एकमताने मानलेली दुपार. गाडी, परीक्षा, मतदान, कामाची पाळी हे सारे त्या दुसऱ्या दुपारीवर चालते.

३३/
कधीकाळी ज्योतिषांच्या नकाशावर मध्यरेषा याच मुलखातून जात होती. आज ती शेकडो किलोमीटर पूर्वेला आहे. रेषा कोठून जावी, हे आकाशाने कधीच सांगितले नव्हते. ते माणसांनीच ठरवले, तेव्हाही आणि आताही. एप्रिलच्या दुपारी बारा वाजून बावीस मिनिटांनी काठीची सावली मात्र भास्कराचार्यांच्या काळी होती तितकीच आखूड होते.